पंच्याहत्तर हजारांतले बेचाळीसशे

मी पुण्यात कर्वेनगर-वारजे पट्ट्यात भाडेकरार नोंदवून देण्याचं काम करतो. पाठीवर सॅक, त्यात लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि एक वेबकॅम. मालक एका घरी, भाडेकरू दुसऱ्या घरी, साक्षीदार कुठेतरी ऑफिसात. सगळ्यांचे अंगठे आणि फोटो गोळा करत दिवसभर फिरायचं. या धंद्यात माणसं भेटतात ती घर घेताना, म्हणजे दोन्हीकडून साखरपेरणी चालू असते तेव्हा. घर सोडताना काय होतं ते माझ्यापर्यंत सहसा येत नाही. हे प्रकरण आलं. त्यात एक चूक माझीही होती, म्हणून जरा तपशिलात लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

फ्लॅट टू बीएचके, तिसरा मजला. मालक सरकारी नोकरीतून निवृत्त, राहायला सांगलीत. फंडाच्या पैशातून मुलासाठी घेतलेलं घर. मुलगा बेंगळुरूला गेला आणि घर भाड्यावर गेलं. भाडेकरू लातूरकडचं जोडपं. तो बँकेच्या कर्जविभागात, ती घरीच पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते, मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. १ जून २०२३ ते ३० एप्रिल २०२४, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००. मुद्रांक शुल्क पावणेसातशे-सातशे, नोंदणी फी १,०००, वर माझी फी. मालकांना पहिल्याच भेटीत ते 'काका' म्हणायला लागले. काका आले की चहा-चिवडा, काका जाताना सांगलीच्या हळदीची पुडी ठेवून जाणार. असं सगळं.

माझी चूक इथे. करारात घरातल्या वस्तूंची यादी द्यायला जागा असते. मी लिहिलं: पंखे ४, ट्यूबलाइट ५, गीझर १, कपाटं २, किचन ट्रॉली १ संच. किती ते लिहिलं, कशा अवस्थेत ते लिहिलं नाही. भिंतींबद्दल तर एक शब्द नाही. तेव्हा बहुतेक करारांत मी हेच करायचो, कारण कुणी विचारत नाही आणि पुढचा अंगठा सिंहगड रोडला ताटकळत असतो.

घरचेच आहोत

एप्रिल २०२४ मध्ये मुदत संपत आली तेव्हा काकांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "परत अकरा महिने राहा. दीड हजार वाढवू. ॲग्रीमेंटचा खर्च कशाला, आपण घरचेच." यांनी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. झाला करार. १ मेपासून भाडं २५,५००.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज इथे चांगलाच मुरलेला आहे. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं तिथे सक्तीचं, म्हणून लोक अकरावर थांबायला शिकले. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून, आणि त्याचं कलम ५५ मुदतीचे महिने मोजत बसत नाही. लिव्ह अँड लायसन्स असो की साधा भाडेकरार, तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, आणि माझ्या मते खरं वजन त्याचं आहे: असा करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर.

दोनेक हजार वाचवताना काकांनी हे हातचं घालवलं. त्यातले निम्मे या जोडप्याचेही वाचले, म्हणून त्यांनीही मान डोलावली, हेही सांगायला हवं.

२२ फेब्रुवारी २०२५ ला बाईंनी मेसेज केला: "काका, पिल्लूचं ॲडमिशन बाणेरला झालंय. ३१ मार्चला अकरा महिने पूर्ण होतात, तेव्हा घर सोडतो." उत्तर आठ मिनिटांत: "ठीक आहे. शुभेच्छा."

घर सोडायचं ठरलं तेव्हा नवऱ्याच्या बँकेतल्या मित्रांनी त्याला एकच सल्ला दिला, जो सगळीकडे मिळतो: शेवटचे दोन-तीन महिने भाडं देऊच नका, डिपॉझिटमध्ये वळतं करा. यांनी ऐकलं नाही, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडं गेलं. पुढे तो मला म्हणाला, "ऐकलं असतं तर हे झालंच नसतं." व्यवहारात खरं आहे. पण करारात वळतं करण्याची मुभा नसेल तर त्या महिन्यांचा तुम्ही थकबाकीदार होता, आणि मग मालकाच्या यादीतली पहिली ओळ खरी असते. यादीतली एकही ओळ पूर्ण खरी नसणं, हे पुढे यांच्या फार कामाला आलं.

३१ मार्च म्हणजे बँकेचं वर्षअखेर. त्यात त्या दिवशी ईद, पण त्याला सुट्टी नाही. त्यामुळे टेम्पो भरणं, घर झाडणं, चावी देणं सगळं बाईंवर आलं. चावी घ्यायला वाकडहून काकांचा पुतण्या आला. दोन नळ सोडून पाहिले, बेडरूममध्ये डोकावला, "छान ठेवलंय घर" म्हणाला आणि "काका दोन दिवसांत टाकतील पैसे" म्हणून तिन्ही चाव्या घेऊन गेला. त्याआधी बाईंनी मोबाइलवर रिकाम्या घराचा चार मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. लाइटच्या मीटरचं रीडिंगही त्यात घेतलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिकवणीतल्या मुलांच्या वह्या तपासणाऱ्या बाई, इतकंच मी म्हणेन.

यादी

दोन दिवसांचे अकरा झाले. ११ एप्रिलला काकांकडून एका कागदाचा फोटो आला. निळ्या शाईत, मोठ्या सुवाच्य अक्षरात, प्रत्येक रकमेखाली रेघ:

रंगकाम २८,०००. किचन ट्रॉली ९,५००. साफसफाई ४,५००. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी ३,३००. नोटीस न दिल्याबद्दल एक महिन्याचं भाडं २५,५००. एकूण ७०,८००. देय ४,२००.

सोबत एका पेंटरचं कोटेशन. बिल नव्हे, कोटेशन. त्यावर तारीख नव्हती.

नवरा त्या रात्री झोपला नाही. पुढच्या आठवड्यातले त्याचे मेसेज मी वाचले आहेत. ११ तारखेपर्यंत प्रत्येक मेसेज 'काका' पासून सुरू होतो. १२ ला 'काका' गायब, नुसतं वाक्य. १४ ला 'सर'. १६ ला "मिस्टर, तुम्ही आमची फसवणूक केली आहे." पलीकडून काकांचं 'तुम्ही' तसंच राहिलं, पण वाक्यं तुटक होत गेली आणि १७ ला "जे करायचं ते करा" वर थांबली. १८ ला हे पोलीस चौकीत. तिथे जे सांगतात तेच सांगितलं: ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. लोकांना वाटतं पोलीस टाळतात. कधी टाळतातही. पण डिपॉझिट अडवून ठेवणं हा बहुतेक वेळा हिशेबाचा वाद असतो, तिथे हवालदार तरी काय करणार.

१९ एप्रिल, शनिवारी ते माझ्याकडे आले, कारण करारावर माझा शिक्का होता. नवऱ्याच्या हातात करार, बाईंच्या हातात मोबाइल. तो बोलत होता, ती दाखवत होती. मी त्याला म्हटलं, 'फसवणूक' हा शब्द बाजूला ठेवू, एकेक ओळ घेऊ.

सोप्या ओळी आधी. नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारे पैसे, सोसायटी घेते ती आपल्या सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर ते जाऊ शकत नाही, हे राज्य सरकारने २००१ मध्येच ठरवून दिलंय. नोंदवलेल्या करारात सोसायटीचे सगळे पैसे मालकाकडे होते. ती ओळ खोडली. नोटिशीची ओळही तशीच. एक महिन्याची नोटीस मुदतीच्या आधी घर सोडायचं असेल तर. मुदत आपोआप संपली तिथे नोटीस कसली? तरीही यांनी ३७ दिवस आधी कळवलेलं, आणि काकांचं "ठीक आहे. शुभेच्छा" समोर होतं. ७०,८०० पैकी २८,८०० दहा मिनिटांत गेले.

उरला रंग.

करारातलं वाक्य असं: घर आहे त्या स्थितीत ठेवायचं, नुकसान झालं तर स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं, नेहमीची झीज सोडून. सगळा खेळ 'झीज' या एका शब्दावर. राहत्या घराच्या भिंती मळणारच, स्विचच्या भोवती बोटांचे डाग पडणारच, सोफ्याच्या मागे पट्टा उमटणारच. पण झीज मोजायची तर सुरुवातीला घर कसं होतं ते हवं, आणि ते माझ्या करारात नव्हतं. मी खरंच ओशाळलो.

तेव्हा बाई म्हणाल्या, "घर बघायला आलो होतो तेव्हाचे फोटो आईला पाठवलेले." लातूरला आईला फोन. आईने शोधून चौदा फोटो परत पाठवले. त्यातला एक हॉलचा. खिडकीखाली ओलीचा पिवळट नकाशा, त्याच्या वरच्या बाजूला टीव्हीच्या स्टँडची चार भोकं, आणि शेजारी खिळ्याला मागच्या भाडेकरूचं कालनिर्णय, मे २०२३ वर उघडं. भिंत आणि तारीख एकाच चौकटीत. सोसायटीच्या वॉचमनने नंतर सांगितलं की शेवटचा रंग त्या भाडेकरूच्याही आधी लागलेला, म्हणजे चारेक वर्षं तरी जुना. तो रंग यांनी ठेवला काय, न ठेवला काय, काढायचाच होता.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. आई त्याच आठवड्यात जुना फोन देऊन नवा घेणार होती. मी म्हटलं, अजिबात नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा. आईने फोन दोन महिने कपाटात ठेवला, साडीत गुंडाळून.

आता यांच्या बाजूचं खोटंही निघालं. बेडरूमच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत, मेणाच्या खडूंनी केलेली चित्रकला होती. जांभळा हत्ती, हिरवा सूर्य, आणि बऱ्याच नुसत्या गरगर रेघा. व्हिडिओत कॅमेरा त्या भिंतीवरून जरा घाईत फिरला होता. मी थांबवून विचारलं. नवरा म्हणाला, "लहान मूल आहे, ही झीजच ना?" बाई म्हणाल्या, "नाही. हे आपलं." मेणाच्या खडूवर रंग धरत नाही, आधी घासून पुट्टी मारावी लागते. माझ्या ओळखीच्या पेंटरने त्या एका भिंतीचे ३,५०० सांगितले.

ट्रॉलीचं दोन्हीकडून होतं. खालच्या खणाचा प्लाय फुगला होता, चॅनेल गंजून अडकत होती. पण ऑगस्ट २०२४ मध्ये सिंकखालचा पाइप गळतोय म्हणून दोनदा मेसेज गेले होते. काकांचं उत्तर, "पावसाळा संपला की बघू." पाणी तीन महिने प्लायवर ठिबकत राहिलं. यांनी खाली बादली ठेवली, तीही रोज नाही. साफसफाईच्या ओळीत चिमणीची जाळी मात्र तेलाने चिकट होती, ते यांनी कबूल केलं: १,५००. शेवटच्या लाइट बिलाचे १,१४०.

३,५०० आणि १,५०० आणि १,१४०. एकूण ६,१४०. आमचा आकडा ठरला: परत हवेत ६८,८६०.

नोटीस

माझ्या माहितीतल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी २,५०० घेतले. तिथे एका मुद्द्यावर आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं, कलम ५५ ची कैद नोटिशीत ठळक घाला. माझं म्हणणं, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला तुरुंगाचं नाव काढलंत की तो पैशाचा विचार करायचा थांबतो. "नोटीस म्हणजे लग्नाची पत्रिका नाही," त्या म्हणाल्या. शेवटी अर्धं घातलं: दुसऱ्या अकरा महिन्यांचा करार नोंदवलेला नसल्यामुळे अटींबाबत आमच्या अशिलाचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल. कैदेचा शब्द नाही. मला अजून वाटतं, हे बरोबर केलं.

त्यांनी एक गोष्ट मला नव्याने सांगितली. बऱ्याच करारांत 'घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल' असं असतं. आमच्यात नव्हतं. पण असतं तरी, म्हणाल्या, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ आड येतं. करारात आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप मिळत नाही. तो कमाल आकडा; त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल तेवढीच. अर्थात हे कोर्टात. कोर्टाबाहेर लोक लिहिलेलं आहे म्हणून गुमान कापू देतात.

१२ मे रोजी नोटीस गेली, रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह, शिवाय व्हॉट्सॲपवर पीडीएफ. मुदत पंधरा दिवस. पुढची पायरीही ठरवून ठेवली होती. सरळ दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, ती कुठे पळून जात नव्हती. त्याआधी शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करायचा, म्हणजे दावा न लावता लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, वर अपील नाही. शिवाय अर्ज बाईंच्या नावाने केला तर मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे फार कमी जणींना माहीत असतं.

पंधरा दिवस काही नाही. सोळाव्या दिवशी संध्याकाळी माझा फोन वाजला. काका.

"तुम्ही करार केलात आमचा. मग त्यांच्या बाजूने कसे?"

मी म्हटलं, काका, मी कुणाच्याच बाजूने नाही, तुमची यादी मलाही दाखवा. ते बराच वेळ रंगावरच बोलले. मुलाने फोनवर कायदा वाचून दाखवला होता. कैदेचं त्यांना आम्ही न लिहिताच कळलं होतं आणि ते लागलंही होतं. "मी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली, माझ्यावर एक मेमो नाही." मी ऐकत राहिलो. मग मी सहज विचारलं, डिपॉझिटचे पैसे आहेत कुठे?

थोडा वेळ शांतता. "मागच्या पावसाळ्यात वरच्या बाथरूमचं पाणी आलं ना, त्या वॉटरप्रूफिंगला गेले. थोडे मुलाला दिले."

हे ऐकल्यावर मला सगळी यादी नव्याने दिसली. रंगाचे २८,००० हे रंगाचे नव्हतेच. काकांकडे ७५,००० नव्हते, आणि नाहीत असं म्हणण्यापेक्षा द्यायचे नाहीत असं म्हणणं त्यांना सोपं गेलं. पुण्यात डिपॉझिट म्हणजे जपून ठेवलेली रक्कम, असं फक्त भाडेकरू समजतो. मालक ती नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून जुन्याला देतो. नवा यायला उशीर झाला की जुन्याच्या भिंतींवर डाग दिसायला लागतात. हा फ्लॅट एप्रिलपासून रिकामा होता, मेन्टेनन्सचे महिना तीन हजार वर. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकायदा राज्यांपुढे ठेवला त्यात घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे. पण राज्याने आपला कायदा केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. मर्यादा असली तरी हीच गोष्ट घडली असती, आकडा लहान असता एवढंच.

हे मी जोडप्याला सांगितलं तेव्हा नवरा भडकला. "म्हणजे खोटं बोलले!" बाई म्हणाल्या, "म्हणजे हप्त्याने देतील."

तीन फूट उंचीची भिंत

८ जून, रविवार. सगळे त्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये. काका पहाटेच्या एसटीने आले होते, हातात पिशवी, पिशवीत मोजपट्टी. बसायला काही नव्हतं, म्हणून किचनच्या ओट्याला टेकून उभे. कुणी कुणाला नमस्कार केला नाही. शेजारच्या आजींनी न विचारता चहा पाठवला आणि कपबश्या धरायला सगळ्यांचे हात अडकले, ते बरं झालं.

मी मे २०२३ चा फोटो काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ नेला, मग खिडकीपाशी जाऊन तो भिंतीशेजारी धरला. ओलीचा नकाशा तोच, थोडा मोठा. "हे माझं," म्हणाले. टीव्हीची जुनी चार भोकं त्यांचीच. शेजारची नवी चार यांची: १,५०० कबूल. मग सगळे बेडरूममध्ये. काका जांभळ्या हत्तीपुढे बराच वेळ उभे राहिले. मोजपट्टी काढली, जमिनीपासून मापली, "सदतीस इंच" म्हणाले आणि पट्टी गुंडाळून ठेवली. का मापलं ते मला आजही कळलेलं नाही. पण त्यानंतर २८,००० हा आकडा त्यांनी पुन्हा काढला नाही.

ट्रॉलीवर अर्धा तास गेला. काका म्हणाले, बादली रोज ठेवली असती तर. नवरा म्हणाला, पाइप ऑगस्टमध्ये बदलला असता तर. २,५०० वर आलं. ६८,८६० मधून ट्रॉलीचे २,५०० आणि भोकांचे १,५०० गेले, ६४,८६० उरले. काका म्हणाले, "वरचे सोडा." ६४,०००.

तिथेच ३०,००० आले, त्यांच्या मुलाने बेंगळुरूहून पाठवले. उरलेल्या ३४,००० चा १५ जुलै २०२५ तारखेचा चेक. लोकअदालतीत नोंद करू म्हटलं तर काका "कोर्टाची पायरी नको" म्हणाले, त्यामुळे साध्या कागदावर तडजोडपत्र लिहिलं: कुठल्या ओळीचे किती, एकूण किती, चेक कशापोटी. 'कशापोटी' हे लिहिणं गरजेचं. चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार कायदेशीर देण्यापोटी दिलेल्या चेकवरच चालते. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पैसे भरायला पंधरा दिवस, नंतर महिन्याच्या आत तक्रार; यातली एक तारीख चुकली की तक्रार अडचणीत येते.

१४ जुलैला काकांचा फोन. नवा भाडेकरू २० ला येतोय, चेक आठवडाभर टाकू नका. नवऱ्याला द्यायचं नव्हतं. मी सांगितलं, चेक तारखेपासून तीन महिने चालतो, आठवड्याने तुमचं काही जात नाही. बाईंनी २१ पर्यंत थांबायचं ठरवलं. १९ ला ३४,००० खात्यात आले. त्यांनी चेक रद्द करून कुरिअरने परत पाठवला आणि मेसेज टाकला: "मिळाले, सर. धन्यवाद." 'काका' परत आलं नाही.

२० जुलैला नव्या भाडेकरूचा करार मीच नोंदवला. या वेळी मी प्रत्येक खोलीचे फोटो काढले, ट्रॉलीच्या फुगलेल्या प्लायसकट, आणि यादीत वस्तूपुढे अवस्था लिहिली. काकांनी भिंतींना नवा रंग लावून घेतला होता. रंगाची तारीख करारात टाका, असं त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, आणखी एक ओळ घाला: घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापण्यात येईल.

मी नव्या मुलाला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. हिंजवडीत नोकरी, पहिलंच घर, खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. वकीलबाईंनी सांगितलेलंही मी त्याला सांगायला लागलो.

"चालतंय हो," तो म्हणाला, आणि मशीनवर अंगठा ठेवला.